बारावीनंतर जर्मनी: माझी पावणेदोन वर्षं

परवा दुपारी पासपोर्ट परत आला. कुरिअरवाला सही घेऊन गेला आणि मी पाकीट उघडणार तेवढ्यात आजीने ते हातातून काढून घेतलं, आधी देवापुढे ठेव म्हणाली, मग हळदीकुंकू लावून झालं आणि पप्पांनी कात्रीने अगदी कडेकडेने सावकाश कापलं, जणू आत काचेचं काहीतरी आहे. आत व्हिसाचं स्टिकर, त्यावर माझा फोटो आणि खाली तारखा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी निघतेय. जून २०२४ मध्ये बॅग घेऊन कोल्हापूरहून पुण्याला जर्मन शिकायला गेले होते, तेव्हापासून मोजलं तर पावणेदोन वर्षं झाली.

हे सगळं लिहून ठेवतेय कारण मी शोधत होते तेव्हा बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी मराठीत जवळपास काहीच सापडलं नाही. जे सापडलं ते सगळं मास्टर्सवाल्यांचं. इंजिनियरिंग झालेलं असतं, वय बावीस तेवीस, कोर्स इंग्लिशमध्ये, भाषा म्हणजे ए-वन, अगदी पहिली पातळी, केलं तरी चालतंय, हातात एखाद-दोन वर्षांची नोकरी आणि थोडे पैसे. त्यांचे सल्ले चुकीचे नाहीत पण ते आपल्याला लागू होत नाहीत. ओळखीच्यांना विचारलं तरी तेच, कुणाचा तरी भाचा जर्मनीत आखेनला आहे, त्याला फोन लावून दिला, तो बिचारा खूप चांगला बोलला पण बारावीनंतर कसं यायचं हे त्यालाही माहीत नव्हतं. शिष्यवृत्तीचंही असंच, डाड या जर्मन संस्थेच्या बहुतेक शिष्यवृत्त्या मास्टर्स आणि पीएचडीसाठी, आपल्या सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसुद्धा पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. अठराव्या वर्षी जाणाऱ्याला सगळं घरच्यांच्या जिवावर करावं लागतं, म्हणून घरच्यांना सगळं खरं खरं आधी सांगणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि पहिलं खरं हे की आपली बारावी तिकडे एकटी पुरत नाही. जर्मनीत शाळा संपवताना मुलं जी आबिटूर परीक्षा देतात तिच्या बरोबरीची ते आपली एचएससी धरत नाहीत. मग साधारण तीन वाटा उरतात. एक, भारतात एखाद्या मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीत त्याच विषयाचं एक वर्ष नीट पास करायचं आणि मग त्या विषयासाठी थेट अर्ज करायचा. दोन, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास व्हायचं. तीन, तिकडे जाऊन श्टुडिएनकोलेग नावाचं दोन सेमिस्टरचं वर्ष करायचं, त्याच्या शेवटी परीक्षा द्यायची आणि त्या मार्कांवर बॅचलरला अर्ज करायचा. मी तिसरी वाट घेतली. इंजिनियरिंगवाल्यांचा टी-कुर्स असतो, मेडिकल बायोलॉजीकडे जाणाऱ्यांचा एम-कुर्स, कॉमर्स इकॉनॉमिक्सवाल्यांचा डब्ल्यू, म्हणजे तिकडच्या उच्चारात वे-कुर्स. सरकारी कोलेगला शिकवणीची फी नाही, खासगीला आहे. आणि शेवटची परीक्षा नापास झालात तर साधारणपणे एकदाच परत देता येते, हे मला फार उशिरा कळलं.

आता हिशोब करा. मी बारावी दिली मार्च २०२४ ला. कोलेग सुरू होणार मार्च २०२६ ला. ते संपवून सगळं सरळ झालं तर बॅचलरचा पहिला वर्ग बहुतेक ऑक्टोबर २०२७ मध्ये. त्या वेळी माझ्यासोबत बारावी झालेल्या मैत्रिणी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतील. हे वाक्य मी मागच्या वर्षभरात कितीतरी वेळा मनात म्हटलंय, आधी म्हणताना घसा दाटायचा, आता नाही. पण घरी हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवायला हवं होतं, मी तसं केलं नाही, मी म्हटलं होतं एक वर्ष भाषा आणि मग लगेच कॉलेज. त्यामुळे मधे जेव्हा सहा महिने वाढले तेव्हा पप्पांना वाटलं की मी काहीतरी लपवतेय. लपवत नव्हते, मलाच माहीत नव्हतं, पण त्यांना काय वाटलं असेल ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

मला जायचंच का होतं हे पण सांगते. पप्पा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर आहेत, बावीस वर्षं झाली. लहानपणी रविवारी कधी ते मला सोबत न्यायचे, भट्टी बंद असायची पण काळ्या वाळूचा तो गरम वास सगळीकडे असायचा, अजून पप्पांच्या शर्टाला तोच वास येतो. कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतून केलेला भाग, फोडल्यावर आत पोकळी निघाली की अख्खा लॉट परत जातो, ती पोकळी का पडते हे पप्पांना हाताने कळतं पण का ते सांगता येत नाही, म्हणायचे वाळूत पाणी जास्त झालं, गॅस अडकला, आणि पुढचं कुणालातरी शिकलेल्या माणसाला विचार. मला तो शिकलेला माणूस व्हायचं होतं. शोधता शोधता फ्रायबेर्ग सापडलं, झाक्सन राज्यात, तिथली बेर्गअकाडमी नावाची युनिव्हर्सिटी, १७६५ साली खाणकाम आणि धातूंच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली. तिथे ओतकामाची वेगळी इन्स्टिट्यूट आहे. जर्मेनियम हे मूलद्रव्य १८८६ साली तिथेच सापडलं, आणि इंडियमसुद्धा, १८६३ साली. बारावीच्या केमिस्ट्रीत पिरियॉडिक टेबल पाठ करताना ही नावं नुसती नावं होती. आणि हो, फ्रायबेर्ग वेगळं आणि फ्रायबुर्ग वेगळं, एक पूर्वेला आणि एक पार नैऋत्येला, अर्ज करताना डोळे उघडे ठेवा, माझ्या बॅचमधल्या एकीने चुकीच्या गावाची फी भरता भरता वाचवली.

सुरुवातीला आम्ही कोल्हापुरातल्याच एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. त्यांनी सांगितलं भाषेची काही गरज नाही, इंग्लिशमध्ये बॅचलर आहे, खासगी युनिव्हर्सिटी, वर्षाची फी ऐकून पप्पा गप्पच झाले. जर्मनीत तर फुकट शिकतात ना असं मी विचारलं तर म्हणाले ते पूर्वी होतं आता नाही. हे खरं नव्हतं. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत अजूनही शिकवणीची फी नाही, दर सेमिस्टरला अंशदानासारखी एक रक्कम भरायची असते तेवढीच. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे. पण म्हणून सगळी जर्मनी बंद झाली असं नाही. जो माणूस तुम्हाला भाषा शिकू नका म्हणतो त्याच्यापासून लांब राहा, मला एवढंच कळलंय. सरकारी कॉलेजमध्ये इंग्लिशमधले बॅचलर मोजकेच आहेत आणि ते मिळाले तरी दुकानात, हॉस्पिटलमध्ये, घरमालकाशी इंग्लिश किती दिवस पुरणार.

तर भाषा. माझ्या मते तयारी म्हणजे हीच, बाकी सगळं कागद गोळा करणं.

पुण्यात जर्मनचं वातावरण खूप आहे, बोट क्लब रोडवर मॅक्सम्युलर भवन, फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूट, आणि गल्लोगल्ली क्लास. अकरावी-बारावीला सेकंड लँग्वेज म्हणून जर्मन घेतलेली कितीतरी पोरं भेटली, त्यांचं ए-वन आधीच झालेलं. मी पाटी कोरी घेऊन गेलेले. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिले, एका खोलीत चौघी, दोघी एमपीएससीवाल्या, त्या पहाटे चारला उठून वाचायच्या, त्यांच्यासोबत मीही उठायला लागले. त्यांनी मला अभ्यास म्हणजे काय ते शिकवलं, मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

आणि एक गोष्ट मला क्लासमध्ये कुणी सांगितली नाही, माझी मलाच सापडली, ती मराठी मुलांसाठी मुद्दाम सांगते. जर्मनमध्ये देर, दी, दास अशी तीन लिंगं आहेत आणि सगळे तिथेच रडतात. क्लासमधली हिंदीभाषक मुलं तर म्हणायची हे तिसरं कुठून आलं. अरे पण आपल्याकडे आहेच की. तो दगड, ती वाट, ते झाड. झाड ‘ते’ का, तर कुणी सांगू शकत नाही, पण आपण कधी चुकतो का? नाही, कारण शब्द शिकताना आपण लिंगासकट शिकलो. जर्मनमध्ये मुलगी म्हणजे मेड्शेन नपुंसकलिंगी आहे, दास मेड्शेन, त्यावर सगळा वर्ग हसला, मला अजिबात नवल वाटलं नाही कारण आमच्या आजीचं ‘ते पोरगं’ आणि ‘ते लेकरू’ मी जन्मापासून ऐकतेय. तसंच विभक्तीचं. दहावीला संस्कृत होतं, रामः रामौ रामाः डोळे मिटून म्हणायचो. आकुझाटिव म्हणजे आपली द्वितीया, डाटिव म्हणजे चतुर्थी, एवढं जुळवलं आणि अर्धी भीती गेली. शाळेत ‘स ला ते, स ला ना ते’ घोकलं तेव्हा वाटायचं हे कशाला, ते कशाला हे मला नारायण पेठेत कळलं. तेव्हा देर-दी-दास इंग्लिशमधून शिकू नका. वहीत शब्दासमोर मराठी अर्थ लिहा.

एक शब्द तर मी आयुष्यभर विसरणार नाही. गीसेन. म्हणजे ओतणे. झाडाला पाणी घालायचं तरी गीसेन आणि वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं तरी गीसेनच. मी फोनवर पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले मग आपल्याकडे पण ओतकामच म्हणतात की, बिडाचं ओतकाम. आणि मागून आजीचा आवाज, तुळशीला पाणी ओतलं का रं कुणी. मी पेठेतल्या त्या खोलीत गॅलरीत उभी होते आणि मला एकदम घरात असल्यासारखं वाटलं.

जानेवारी २०२५ ला बी-वन म्हणजे तिसरी पातळी झाली, मे मध्ये बी-टू म्हणजे चौथी. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनच्या, परीक्षेला चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात, चारही वेगवेगळे देता येतात म्हणजे एक राहिला तर तेवढाच परत. माझे ऐकण्यात काठावर आले, ६३. बाकी चांगले. मला वाटलं जिंकलं. आणि जूनमध्ये कोलेगची प्रवेश परीक्षा दिली, ऑनलाइन होती, आणि नापास झाले.

दोन ओळींचा ईमेल आला होता आणि त्यात पहिला शब्द मला दिसला तो लायडर, म्हणजे दुर्दैवाने. पुढचं वाचायची गरजच नव्हती. गणित चांगलं गेलं होतं, जर्मनने घालवलं. बी-टू सर्टिफिकेट हातात असून जर्मनने कसं घालवलं हे मला दोन दिवस समजेना. कारण होतं सी-टेस्ट. सी-टेस्ट म्हणजे काय तर एक उतारा देतात, पहिलं वाक्य अख्खं असतं, आणि मग दुसऱ्या वाक्यापासून प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गायब. तो भरायचा, घड्याळ लावून. मराठीत करून दाखवते: ‘मी का… संध्याकाळी बाजा… जाऊन दो… किलो कां… आणले.’ बघा, तुम्ही वाचता वाचता भरलं सुद्धा. काल, बाजारात, दोन, कांदे. आता विचार करा, ‘बाजा’ नंतर ‘रात’ येणार की ‘राला’ की ‘रातून’ हे तुम्ही कसं ठरवलं? ठरवलंच नाही, तोंडात होतं. ते जर्मनचं तोंडात आहे का एवढंच ती परीक्षा बघते. माझं नव्हतं. मी शब्द शिकले होते आणि शेपट्या अंदाजे लावत होते, आणि तिथे मागचा तुकडाच कापलेला असतो, म्हणजे नेमकी शेपटीच.

जुलैत मी कोल्हापूरला परत आले, पुण्याचा खर्च परवडत नव्हता. महिनाभर नातेवाईकांचं चालू होतं, मग आता काय, गॅपच ना, आता सीईटीचं ॲडमिशन पण गेलं. पप्पा कुणाला काही बोलले नाहीत. मग एक रविवारी म्हणाले मला दाखव ते कसलं टेस्ट आहे. मी दाखवलं. त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नाही. त्यांनी डॉइच वेले या जर्मन वाहिनीच्या सावकाश वाचलेल्या बातम्या असतात ना, त्यांचे उतारे माझ्याकडून प्रिंट काढून घेतले, फुटपट्टी आणि काळा मार्कर घेतला आणि टेबलाशी बसले. प्रत्येक दुसरा शब्द मोजायचा, अक्षरं मोजायची, अर्धी झाकायची. मला विचारलं पाच अक्षरं असली तर किती झाकू, मी म्हटलं दोन ठेवायची तीन झाकायची, विषम असेल तर मोठा तुकडा जातो. ठीक आहे म्हणाले. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी ते मला सहा उतारे करून द्यायचे, आठवड्याचा दिवसाला एक आणि रविवारी सुट्टी. फाउंड्रीतून आल्यावर हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहतं, त्या हातांनी ते इतक्या बारीक रेघा मारायचे. त्या सगळ्या कागदांची फाइल मी सोबत नेतेय, वजन कितीही होऊदे.

उतारा भरून झाला की मी मूळ बातमी ऐकायचे आणि मोठ्याने सोबत म्हणायचे, रोज, तोंडाला वळण पडेपर्यंत. गणिताचं पण थोडं सांगते, कॅल्क्युलेटर नसतो, अपूर्णांक, घातांक, लॉग, त्रिकोणमिती, आपल्या अकरावी-बारावीचंच असतं पण शब्द जर्मन. वर्गमूळाला वुर्त्सेल म्हणतात आणि वुर्त्सेल म्हणजे झाडाचं मूळ, आपल्यासारखंच. असे शब्द एकदा वहीत मराठीशी जोडले की जातच नाहीत. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं.

आता कागदांचं, इथे मी भराभर सांगते कारण ही माहिती तुम्हाला मिळेलच, फक्त क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, तुमची कागदपत्रं खरी आहेत याचा दाखला, फी १८,००० रुपये. हे भाषेची शेवटची लेव्हल चालू असतानाच करून टाका, मी मार्च २०२५ मध्येच करून ठेवलं होतं म्हणून डिसेंबरमध्ये धावपळ झाली नाही. नावाचा घोळ मात्र आधी सोडवा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव मग नाव मग वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वरच्या ओळीत, नाव आणि वडिलांचं नाव एकत्र त्याखाली. तिकडच्या फॉर्मला मधलं नाव हा प्रकारच नाही, वोरनामे म्हणजे नाव आणि नाखनामे म्हणजे आडनाव, दोनच रकाने. मी सगळीकडे पासपोर्टप्रमाणे भरलं, कोलेगचा अर्ज, एपीएस, भाषेची परीक्षा, बँक, सगळं, एक स्पेसही इकडची तिकडे नाही. त्यामुळे आता जर्मनीतल्या प्रत्येक कागदावर माझ्या नावाला चिकटून पप्पांचं नाव आहे, ते मला आवडतं.

मार्क बदलून घेण्याचं सूत्र पण माहीत असू द्या, त्यांच्याकडे १ म्हणजे सर्वांत चांगलं आणि ४ म्हणजे जेमतेम पास. शंभरातून आपले टक्के वजा करायचे, त्याला शंभर वजा पासिंगचे ३५ म्हणजे ६५ ने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. माझे ८१ टक्के, म्हणजे १.८८ झाले. हे बऱ्यापैकी चांगले धरतात. तेव्हा आपल्याला नव्वद नाहीत म्हणून आधीच हार मानू नका. युनी-असिस्ट, म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी संस्था, तिच्यामार्फत अर्ज केला तर पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणून दहा ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा चार नीट टाका. शेवटची तारीख साधारण हिवाळी सत्राला १५ जुलै आणि उन्हाळीला १५ जानेवारी, पण कोलेगच्या तारखा बऱ्याचदा याच्या आधी असतात, प्रत्येकाच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः वाचा, दुसऱ्याच्या तोंडची तारीख धरू नका.

पैसे. यावर मी थोडं थांबणार आहे कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त झोप यानेच उडवली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवायचे, तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ मिळतात. हे पैसे फी नाहीत, आपलेच आहेत, राहायला खायला. पण आधी एकरकमी हवेत. मी २०२४ च्या जूनमध्ये पुण्याला गेले तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता. आम्ही डिसेंबर २०२५ मध्ये पैसे पाठवले तेव्हा शंभरच्या बराच वर गेला होता, सगळं मिळून साडेबारा लाखांच्या घरात. मी जूनमध्ये पास झाले असते तर किती वाचले असते हा हिशोब मी एकदा केला आणि मग वही बंद केली. तुम्ही मात्र घरात बजेट करताना आजचा दर धरू नका, दहा टक्के वर धरा.

कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो, त्यांनी तीन फेऱ्या मारायला लावून मग सांगितलं की कोलेग हा डिग्री कोर्स नाही म्हणून कर्ज बसत नाही. हे पहिल्याच फेरीत सांगितलं असतं तर पप्पांच्या दोन रजा वाचल्या असत्या. बारावीनंतर कोलेगला जाणाऱ्यांनी हे लेखी विचारून घ्या, पहिल्या दिवशी. शेवटी पप्पांनी पीएफमधून काढले, आत्याने काही दिले, आणि आईच्या पाटल्या गोल्ड लोनला गेल्या. आई म्हणाली तशाही कपाटातच असतात. मी त्यावर काही बोलू शकले नाही. जर्मनीत कुणी जवळचं नातेवाईक असेल आणि ते तुमच्या खर्चाची हमी तिथल्या ऑफिसात लिहून देत असतील तर ब्लॉक्ड अकाउंटऐवजी ते चालतं, आमचं तसं कुणी नव्हतं.

आणि ‘तिकडे गेल्यावर पार्ट टाइम करून भागवेन’ हे गणित घरच्यांसमोर मांडू नका. कायद्याने विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मार्च २०२४ पासून ते वाढलंय, पण कोलेगच्या वर्षात सकाळपासून वर्ग असतात आणि परीक्षा एकदा नापास झालात तर एकच संधी. ते वर्ष अभ्यासाचं आहे. मी घरी तसं स्पष्ट सांगितलंय, पहिलं वर्ष माझ्याकडून एक रुपयाची अपेक्षा ठेवू नका.

व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, कागद तपासून मग अपॉइंटमेंट मिळते, फी ७५ युरो. कागद एकदाच पण पूर्ण द्या, कारण जुलै २०२५ पासून नकार आल्यावर पूर्वी जी फेरविचाराची विनंती करता यायची ती बंद झाली आहे, आता एकतर परत नवा अर्ज नाहीतर तिथल्या कोर्टात जा. मोटिव्हेशन लेटर, म्हणजे मला तिथे का शिकायचंय ते सांगणारं पत्र, मी स्वतः लिहिलं. क्लासमध्ये एक तयार नमुना फिरत होता, त्यात जर्मनी ही विचारवंतांची भूमी वगैरे होतं, बऱ्याच जणांनी तोच वापरला. मी पोकळ निघालेल्या कास्टिंगबद्दल लिहिलं.

ज्यांना खरंच कुठली वाट घ्यावी कळत नाहीये त्यांना माझं प्रामाणिक मत, सगळ्यांनी माझी वाट घेऊ नये. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर इथे सीईटीने ॲडमिशन घ्या, पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी काढा, सोबत जर्मन शिका, आणि मग थेट अर्ज करा. जमलं नाही तर डिग्री हातात येतेच. मला हे बारावीला माहीत असतं तर कदाचित मी तेच केलं असतं. कदाचित नसतं केलं.

खोलीचं अजून पक्कं नाही. विद्यार्थी हॉस्टेलला अर्ज पत्र आलं त्याच दिवशी टाकला, वेटिंगवर आहे, पहिल्या तीन आठवड्यांसाठी एका सीनियरच्या खोलीत सोय झालीये. खोली न बघता फोटोवर भुलून आधी डिपॉझिट पाठवू नका, माझ्या ओळखीतल्या एकाचे गेले. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावाच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाचा सही केलेला कागद लागतो, म्हणून खोली घेतानाच तो मिळेल का विचारा. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिथलं बँक खातं उघडल्यावरच सुरू होतात, त्यामुळे पहिल्या महिन्यापुरते युरो हातात ठेवा.

बॅगेचं आजीच्या ताब्यात आहे. तिला कसं सांगावं हाच प्रश्न होता, कारण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तिने कढवलेलं साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मग तिकडं भाकरीला काय लावणार गं तू?” मी म्हटलं आजी तिकडे लोणी मिळतं, गाई त्यांच्याकडेही आहेत. तिचं समाधान झालं नाही. मग तिने चटणीचं काढलं. आमच्याकडे वर्षाची चटणी मार्चमध्ये होते, यंदा माझ्यासाठी आधी करायची ठरली. काल मिरच्या आणल्या, गच्चीवर ऊन खातायत, खोबरं मी किसलं, कांदा-लसूण आई तळणार आहे. पप्पांनी बॅगेच्या वजनासाठी फाउंड्रीतला स्प्रिंगचा काटा आणून ठेवलाय, त्यावर तिघांनी मिळून रिकामी बॅग दोनदा मोजली.

उद्या सकाळी सातला कांडपात नंबर लावायचाय, आजी म्हणतेय ती स्वतः येणार, डंकाखाली काय टाकतात ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चालत नाही.